झॅम्पचं अपाचे चालूच होईना, पीआयडी ४ म्हणजे कोण रे बाबा?

लालबागचा_भाचा
रविवार, रात्री ११:२०

मंडळी मदत करा, सकाळपासून डोकं आऊट झालंय. विंडोज १० आहे, झॅम्प आहे (लॅपटॉपवरच साइट चालवायचं पॅकेज, त्यात अपाचे हा वेब सर्व्हर आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस), त्यावर वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) टाकून मावशीच्या मसाल्यांची साइट बनवतोय. मी भांडुपला, मावशी लालबागला. मालवणी, आगरी, गोडा असे सगळे मसाले करून विकते, सगळा धंदा तोंडी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि एप्रिल मेमध्ये तर तिला फोन उचलायलापण फुरसत नसते म्हणून म्हटलं एक साधी साइट करून देऊ, लोक भाव आणि फोटो बघतील आणि ऑर्डर टाकतील. तीन आठवडे मस्त चाललं होतं, पंधरा सोळा पानं भरून झाली, फोटो पण टाकून झाले.

आज मेगाब्लॉक म्हणून कुठे गेलो नाही, म्हटलं बसून संपवून टाकू. तर कंट्रोल पॅनेलमध्ये अपाचेसमोर स्टार्ट दाबलं की दोन सेकंद काहीतरी हलतं आणि परत बंद. खाली लाल अक्षरात येतं की अपाचे अचानक बंद पडलं, पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) अडला असेल नाहीतर डिपेंडन्सी नसेल नाहीतर परवानगी नसेल नाहीतर क्रॅश असेल, म्हणजे जगातली सगळी कारणं एका वाक्यात! त्याच्या थोडं वर एक ओळ आहे की पोर्ट ८० वापरात आहे, प्रोसेस उघडता येत नाही, पीआयडी (चालू प्रोग्रामचा नंबर) ४. टास्क मॅनेजरमध्ये हा ४ नंबर शोधला तर तिथे नुसतं सिस्टम लिहिलंय. एंड टास्क करायची हिंमत नाही झाली.

मायएसक्यूएल मात्र हिरवं होतंय, त्याचं काही रडगाणं नाही.

लॅपटॉप तीनदा रिस्टार्ट केला. एका व्हिडिओत म्हणतात स्काइप बंद करा, माझ्याकडे स्काइप नाहीचे. एचटीडॉक्समधली (साइटच्या फाइलींचा फोल्डर) इंडेक्स डॉट पीएचपी सरळ ब्राउझरमध्ये ओढून टाकली तर साइटच्या जागी नुसता कोड दिसला. आता उद्या सकाळी सगळं अनइन्स्टॉल करून नवीन टाकावं म्हणतोय. बरोबर आहे ना?

कटिंगचहा
रविवार, रात्री ११:३१

भावा पोर्ट बदल, विषय संपव. अपाचेच्या रांगेतलं कॉन्फिग बटण, पहिलीच फाइल एचटीटीपीडी डॉट कॉन्फ, त्यात लिसन ८० आहे तिथे लिसन ८०८० कर, सर्व्हरनेम लोकलहोस्ट ८० आहे तिथेपण ८०८०. सेव्ह मार, स्टार्ट मार. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे तुझाच लॅपटॉप) कोलन ८०८०. दोन मिनिटांचं काम. नाहीच झालं तर उडव आणि परत टाक, मी तर दर महिन्याला करतो.

डबलफास्ट
रविवार, रात्री ११:५२

थांब थांब थांब. अनइन्स्टॉलला हातपण लावू नकोस. तुझी साइट दोन ठिकाणी आहे. फोटो, थीम, प्लगइन एचटीडॉक्समध्ये, आणि तू टाइप केलेलं सगळं, म्हणजे मसाल्यांची नावं, भाव, वर्णन, ते झॅम्पच्या मायएसक्यूएल फोल्डरच्या आत डेटा म्हणून फोल्डर आहे तिथे. तो गेला तर एचटीडॉक्स वाचवून काय करणार, डबे राहतील आणि मसाला गायब. आधी मायएसक्यूएल स्टॉप कर, मग तो अख्खा डेटा फोल्डर आणि अख्खं एचटीडॉक्स पेन ड्राइव्हवर घे. मायएसक्यूएल चालू असताना कॉपी करायची नाही, अर्धवट येतं आणि ते ऐनवेळी कळतं.

आणि पीएचपी फाइल ब्राउझरमध्ये ओढलीस तर कोडच दिसणार. ब्राउझरला पीएचपी येत नाही, ते अपाचेने पीएचपीकडून चालवून घ्यायचं असतं, ब्राउझरला फक्त तयार पान मिळतं. फाइल ओढलीस तेव्हा अपाचे मध्ये आलंच नाही. ते सोड.

आता तुझा ४ नंबर. विंडोजमध्ये एचटीटीपी डॉट सिस नावाचा एक ड्रायव्हर असतो, कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात. विंडोजच्या ज्या सर्व्हिसला वेबचं पोर्ट पाहिजे असतं ती स्वतः पोर्ट धरत नाही, ह्याच्याकरवी धरते, म्हणून यादीत नाव येतं सिस्टमचं आणि नंबर ४. लोकलमध्ये कसं, खिडकीच्या सीटवर रुमाल टाकलेला असतो, शेजारच्याला विचारलं तर म्हणतो आहे कोणीतरी. कोण ते सांगत नाही. आपल्याला रुमालाचा मालक शोधायचाय.

स्टार्टमध्ये सीएमडी टाइप कर, राइट क्लिक, रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. मग नेटएसएच स्पेस एचटीटीपी स्पेस शो स्पेस सर्व्हिसस्टेट, एंटर. शेवटचा सर्व्हिसस्टेट एकच शब्द आहे, मध्ये जागा सोडू नकोस. लांबलचक यादी येईल, घाबरू नकोस, जिथे ८० नंबरचा पत्ता दिसेल तिथे आसपास रिक्वेस्ट क्यूचं नाव काय आहे ते बघ. डिफॉल्टअ‍ॅपपूल असेल तर तो आयआयएस, म्हणजे विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर. रिपोर्टसर्व्हरसारखं काही असेल तर एसक्यूएल सर्व्हरची रिपोर्टवाली सर्व्हिस. जे असेल ते इथे टाक.

एक गोष्ट अजिबात करू नकोस. नेटवर काही शहाणे सांगतात नेट स्टॉप एचटीटीपी मारा म्हणजे ४ नंबर उठतो. उठतो खरा, पण त्याच्याबरोबर प्रिंट स्पूलरपण झोपतो. मी ऑफिसात एकदा हा पराक्रम केला होता, दुपारपर्यंत लोक प्रिंटरचं टोनर काढून हलवून परत बसवत होते, मी गप्प.

स्काइपचं म्हणशील तर तो फार जुना सल्ला आहे, पूर्वी ते खरंच ८० आणि ४४३ धरायचं. आता तर स्काइपच मे २०२५ मध्ये बंद झालं, व्हिडिओ राहिले.

@कटिंगचहा पोर्ट बदलणं चूक नाही, पण ह्याच्याकडे वर्डप्रेस आहे, तिथे पुढे लफडं होतं.

लालबागचा_भाचा
सोमवार, रात्री १२:१८

दादा तुमचं वाचायच्या आधीच ८०८० करून मोकळा झालो. अपाचे हिरवं झालं, मी खुर्चीतून उठून नाचलो, बाबा उठले, शिव्या खाल्ल्या. पण लफडं झालंच. लोकलहोस्ट कोलन ८०८० टाकलं की झॅम्पचं पान येतं, त्यापुढे स्लॅश मसाला टाकलं की पत्त्यातून ८०८० गळून पडतं आणि पान सापडत नाही म्हणून ४०४. आणि नुसतं लोकलहोस्ट टाकलं तर एक निळं पान येतंय, त्यावर आयआयएस लिहिलंय आणि दहा भाषांमध्ये वेलकम.

तुमची कमांड मारली. डिफॉल्टअ‍ॅपपूलच आहे.

आणि आता आठवलं. बुधवारी कॉलेजच्या एएसपी डॉट नेटच्या प्रॅक्टिकलसाठी विंडोज फीचर्समध्ये जाऊन काही टिका मारल्या होत्या, वहीत लिहिलंय तसं, काय मारतोय ते न बघता. पण बुधवार ते शनिवार झॅम्प चालू होतं की, मग आजच कसं?

डबलफास्ट
सोमवार, रात्री १२:३७

दादा नाही, ताई. असू दे, सवय आहे.

बुधवारी तू टिका मारल्यास तेव्हा अपाचे आधीच ८० वर बसलेलं असणार, त्यामुळे आयआयएसला सीट मिळालीच नाही. नंतर तू लॅपटॉप बंद केलाच नसशील, नुसतं झाकण लावून झोपवत असशील, सगळे तेच करतात. आज रिस्टार्ट झाला. आयआयएसची सर्व्हिस विंडोजबरोबर आपोआप उठते, तुझं अपाचे मात्र तू स्टार्ट दाबशील तेव्हा. यार्डातूनच बसून आला तो, तू प्लॅटफॉर्मवरून चढलास. आणि म्हणूनच तीनदा रिस्टार्ट करून फरक पडला नाही, दर वेळी तूच त्याला आधी चढवत होतास.

सर्व्हिसेस डॉट एमएससी उघड. त्यात वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस शोध, डबलक्लिक, स्टॉप, आणि स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक असेल ते मॅन्युअल कर. डिसेबल्ड नको, प्रॅक्टिकलला लागेल तेव्हा हाताने स्टार्ट करता येईल, फक्त तेव्हा झॅम्प बंद ठेव.

मग एचटीटीपीडी डॉट कॉन्फमध्ये दोन्ही ठिकाणी परत ८०. फाइल बिघडली असं वाटलं तर शेलमधून अपाचेच्या बिन फोल्डरमध्ये जाऊन एचटीटीपीडी मायनस टी चालव, सगळं ठीक असेल तर सिन्टॅक्स ओके म्हणतं, नाहीतर कुठल्या ओळीत घाण आहे ते ओळ नंबरासकट सांगतं. ही एक कमांड लोकांना माहीत नसते आणि मग अख्खं झॅम्प उडवतात.

वर उजव्या कोपऱ्यात अजून एक कॉन्फिग बटण आहे, त्यात सर्व्हिस अँड पोर्ट सेटिंग्ज म्हणून आहे. तिथे नंबर बदलून अपाचेचा पोर्ट बदलत नाही. ते फक्त कंट्रोल पॅनेलला सांगणं झालं की कुठल्या नंबरवर बघायचं. बरेच जण तिथे बदलतात आणि काही होत नाही म्हणून रडतात.

आणि साइट उघडताना आधी इनकॉग्निटोमध्ये उघड. वर्डप्रेस तुला ३०१ देऊन हाकलत होता, ३०१ म्हणजे कायमचा पत्ता बदलला, ब्राउझर ते लक्षात ठेवतो.

पार्लेकर_काका
सोमवार, सकाळी ७:४५

ताईंनी बरोबर सांगितलं. ८०८० का गळून पडलं तेवढं मी सांगतो कारण पुढे साइट खऱ्या सर्व्हरवर नेताना हेच परत आडवं येणार आहे. वर्डप्रेसला स्वतःचा पत्ता डेटाबेसमध्ये लिहून ठेवायची सवय आहे. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (ब्राउझरमधून डेटाबेस बघायचं साधन) डब्ल्यूपी ऑप्शन्स टेबल उघडा, साइटयूआरएल आणि होम अशा दोन ओळी दिसतील. तिथे तुमचा पहिल्या दिवशीचा लोकलहोस्ट स्लॅश मसाला असाच पत्ता आहे, पोर्टशिवाय. तुम्ही ८०८० च्या दाराने आलात, त्याने आपली वही बघितली आणि म्हणाला आमचा पत्ता हा नाही, आणि धाडलं तुम्हाला ८० वर, जिथे दुसराच भाडेकरू.

बाकी टिका मारण्याआधी वाचत चला हो.

लालबागचा_भाचा
सोमवार, संध्याकाळी ७:०५

झालं!!! सर्व्हिस मॅन्युअल केली, परत ८० केलं, सगळी पानं जशीच्या तशी. ताई तुम्हाला मालवणी मसाला पक्का. काका तुम्हालापण.

चेंबूर_नाका
मंगळवार, रात्री १०:१०

माझापण सेम प्रॉब्लेम आहे. मायएसक्यूएल स्टार्ट होत नाही, अपाचे होतं. काल लाइट गेली, पीसीला इन्व्हर्टर नाही, तेव्हापासून. पोर्ट ३३०६ वर कोणी नाहीये, नेटस्टॅट बटण दाबून बघितलं. क्लायंटला शुक्रवारी डेमो आहे.

कटिंगचहा
मंगळवार, रात्री १०:१६

डेटा फोल्डरमध्ये आयबीडेटा१ नावाची फाइल आहे ती उडव. माझं लगेच चालू झालं होतं.

डबलफास्ट
मंगळवार, रात्री १०:२१

नको!!! @चेंबूर_नाका काहीही डिलीट करू नका. @कटिंगचहा चालू झालं ते ठीक, आत काय उरलं होतं?

कटिंगचहा
मंगळवार, रात्री १०:२३

नवीन होता प्रोजेक्ट. काहीच नव्हतं आत.

डबलफास्ट
मंगळवार, रात्री १०:५०

तेच तर.

सेम प्रॉब्लेम नाहीये हा, त्याची सीट कोणीतरी धरली होती, तुमचा माणूस आजारी आहे. बटणावर नाव मायएसक्यूएल लिहिलंय पण झॅम्पमध्ये २०१५ पासून आत मारियाडीबी (मायएसक्यूएलचाच भाऊबंद) असतं, आणि झटक्यात वीज गेली की त्याच्या काही फाइली अर्ध्या लिहिलेल्या राहतात. आयबीडेटा१ मध्ये इनोडीबीची (टेबलं साठवणारं त्याचं इंजिन) सूची असते, कुठलं टेबल कुठे आहे त्याची. ती उडवलीत तर सर्व्हर नवीन कोरी सूची करतो आणि हसतमुखाने हिरवा होतो. तुम्हाला टेबलांची नावंही दिसतील, पण क्लिक केलं की १९३२ नंबरची एरर, टेबल इंजिनमध्ये नाही. म्हणजे रेशनकार्डावर नाव आहे, माणूस घरात नाही.

आधी डेटा फोल्डरातली मायएसक्यूएल एरर लॉग फाइल उघडून शेवटच्या वीस तीस ओळी वाचा, तिथे खरं कारण असतं, लाल अक्षरांवर जाऊ नका. तिथे सिस्टमची टेबलं किंवा आरिया लॉग बिघडल्याचं दिसलं तर सहसा हे चालतं: मायएसक्यूएल फोल्डरमध्ये जा, डेटा फोल्डरचं नाव बदलून डेटा जुना करा, म्हणजे मूळ काही हरवत नाही. शेजारीच बॅकअप नावाचा फोल्डर झॅम्पने दिलेला असतो, त्याची कॉपी काढून तिला डेटा नाव द्या. आता जुन्यातून फक्त तुमच्या स्वतःच्या डेटाबेसचे फोल्डर नव्यात आणा. मायएसक्यूएल, परफॉर्मन्स स्कीमा, पीएचपीमायअ‍ॅडमिन, टेस्ट ह्या नावांचे आणायचे नाहीत, आजार तिथेच असतो. आणि जुनी आयबीडेटा१ आणून नव्यावर टाका, बदलू का विचारेल, हो म्हणा. स्टार्ट करा.

चालू झालं की दुसरं काही करायच्या आधी पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून एक्सपोर्ट मारा. डेमो नंतर.

चेंबूर_नाका
मंगळवार, रात्री ११:३४

आलं ताई. सगळं आलं. हात थरथरत होते. एक्सपोर्ट करून स्वतःलाच मेल केलंय.

लालबागचा_भाचा
शनिवार, दुपारी ४:१५

परत मीच. मावशीकडे आलोय लॅपटॉप घेऊन, साइट दाखवायला. लॅपटॉपवर दाखवली तर म्हणते मला कशाला ही पेटी, माझी गिऱ्हाइकं फोनवर बघणार, फोनवर दाखव. इथे वायफाय नाही, तिच्याच फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला लावला, आयपीकॉन्फिग मारून १९२.१६८ वाला नंबर काढला, तिच्या फोनवर टाकला तर नुसतं गोल फिरत बसतं. शेवटी काहीच येत नाही. ती तिकडे मिरच्यांचे देठ काढतेय आणि दर दोन मिनिटांनी विचारतेय झालं का रे.

डबलफास्ट
शनिवार, दुपारी ४:२२

फायरवॉल. नवीन हॉटस्पॉट विंडोज पब्लिक नेटवर्क समजतो आणि बाहेरच्याला दार उघडत नाही. त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रायव्हेट कर, आणि फायरवॉलमध्ये अपाचे एचटीटीपी सर्व्हरसमोर प्रायव्हेटला टिक. ही टिक वाचून मार! स्टेशनच्या फुकट वायफायवर असलं काही करू नकोस, झॅम्पमध्ये रूटला, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य युजरला, पासवर्डच नसतो.

लालबागचा_भाचा
शनिवार, दुपारी ४:३१

आता नुसत्या नंबरावर झॅम्पचं पान आलं फोनवर. पण स्लॅश मसाला टाकलं की पत्ता बदलून लोकलहोस्ट होतो आणि कनेक्ट होत नाही म्हणतो. हे काकांनी सांगितलेलंच ना, वहीतला पत्ता?

पार्लेकर_काका
शनिवार, दुपारी ४:४०

शाब्बास. तेच. आणि फोनवर लोकलहोस्ट म्हणजे तो फोन स्वतः. मावशींच्या फोनमध्ये अपाचे नाही. त्याला विचारलं घरी कोण आहे, तो स्वतःच्याच घरात बघून म्हणाला कोणी नाही.

नुसत्या त्या दोन ओळी बदलून भागणार नाही, कारण पानांमध्ये टाकलेल्या फोटोंचे पत्तेपण अख्खे लोकलहोस्टसकट साठवलेले असतात, पान येईल आणि फोटो फुटके दिसतील. तेव्हा आधी डेटाबेस एक्सपोर्ट करा, मग लॅपटॉपवर बेटर सर्च रिप्लेस प्लगइन टाकून लोकलहोस्ट स्लॅश मसालाच्या जागी तुमचा नंबर स्लॅश मसाला करा, सगळी टेबलं निवडून. दाखवून झालं की एक्सपोर्ट केलेली फाइल परत आत घाला, कारण हॉटस्पॉटचा नंबर उद्या वेगळा असू शकतो.

पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये एसक्यूएल लिहून रिप्लेस करायचा मोह होईल, करू नका. वर्डप्रेसच्या काही सेटिंग्ज सिरियलाइझ करून ठेवलेल्या असतात, म्हणजे मजकुराच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते. तुम्ही आतला पत्ता लांब केलात आणि आकडा जुनाच राहिला की वर्डप्रेसला तो मजकूर वाचताच येत नाही, आणि विजेट, थीमची सेटिंग्ज गुपचूप कोरी होतात. एरर वगैरे काही नाही, नुसती गायब. प्लगइन तो आकडा पण बदलतं.

लालबागचा_भाचा
शनिवार, संध्याकाळी ५:२८

दिसलीईई. फोटोसकट. मावशीने हात पदराला पुसले, फोन घेतला, अंगठ्याने वर केलं, खाली केलं, परत वर केलं. मी वाट बघतोय काहीतरी बोलेल. म्हणाली, बेडगीच्या नावाखाली हा काश्मिरीचा फोटो कोणी टाकला? बेडगी अशी गुळगुळीत असते होय रे, सुरकुत्या कुठायत हिच्या? शेजारच्या काकूंना पण बोलावून दाखवलं, त्या पण हसल्या.

उद्या सगळे फोटो परत काढायचेत, पोत्यासमोर बसवून, ती सांगेल तसे. डेटाबेस परत जुना करून ठेवलाय. एक्सपोर्ट पेन ड्राइव्हवर आहे आणि मेलवर पण.